हेल्मेटसाहेबांचं स्टिअरिंग

दर सोमवारी सकाळी आठ वाजता कारखान्याच्या पत्र्याच्या शेडखाली दोनशे माणसं उजवा हात पुढे धरून उभी राहत आणि हेल्मेटसाहेब त्यांच्याकडून शपथ म्हणवून घेत. "मी कोणतंही सुरक्षा साधन काढणार नाही, बंद करणार नाही, त्याला चकवणार नाही!" शेवटच्या ओळीला कुणाचा आवाज पडला की साहेब हात वर करून म्हणत, "आवाज पडला! पुन्हा पहिल्यापासून!" आणि दोनशे माणसं मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

हेल्मेटसाहेब हे नाव कामगारांनी ठेवलेलं. हुद्दा सुरक्षा अधिकाऱ्याचा. कँटीनमध्ये डोक्यावर पडण्यासारखं काही नव्हतं, पंखासुद्धा भिंतीवरचा होता, तरी साहेब तिथे हेल्मेट घालूनच चहा पीत. बुटाची नाडी सुटलेली दिसली की मेमो. जिना उतरताना कठडा धरला नाही की मेमो. "साहेब, बावीस वर्षांत मला काही झालं नाही," असं कुणी म्हणालं की त्यांचा चेहरा खुलायचा, कारण त्यावरचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं: "झालं नाही म्हणून होणार नाही, हे तुला कुणी लिहून दिलंय?" वाक्य चांगलंच होतं. ते त्यांनी स्वतःला कधी ऐकवलं नव्हतं, एवढीच त्यात खोट.

असा एक माणूस बहुतेक कचेऱ्यांत असतो. तुमच्या कचेरीत नसेल, तर घरी गेल्यावर जरा आरशात बघून घ्या.

तर या साहेबांची एक पांढरी, चार दरवाज्यांची, सज्जन दिसणारी गाडी होती. एका रविवारी त्यांचा मेहुणा शेजारच्या सीटवर बसला आणि हसायला लागला.

"भावजी, हे स्टिअरिंग आहे की परात? गाडी चालवताय का कणीक मळताय?"

झालं! एवढं पुरलं. साहेबांचं वय सेहेचाळीस, निम्मे केस हेल्मेटने खाल्लेले, पोट बेल्टच्या वर आलेलं. पण मेहुण्याचं ते वाक्य आठवडाभर त्यांच्या कानातून जाईना. मोबाइलवर तरणी पोरं लहानसं लेदरचं स्टिअरिंग एका तळहाताने गरागरा फिरवताना दिसायची. जेवताना साहेबांचा हात नकळत ताटलीच्या कडेवरून फिरू लागला. पुढच्या रविवारी सकाळी ते गाडीच्या सजावटीच्या दुकानात हजर झाले.

दुकानातला फिटर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, कंपनीच्या स्टिअरिंगमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग असते. हे नवं बसवायचं तर ती निघणार. यात एअरबॅग नाही. चालेल?"

"मी काय गाडी ठोकणार आहे का?" साहेब म्हणाले. "बावीस वर्षं चालवतोय. एक ओरखडा नाही."

बावीस वर्षं! कारखान्यात हेच वाक्य बोलणाऱ्याला त्यांनी तासभर उभं केलं असतं. पण फिटरकडे मेमोचं पुस्तक नव्हतं. त्याने बॅटरीची वायर काढली, जुनं स्टिअरिंग एअरबॅगसकट उतरवून खोक्यात ठेवलं आणि लाल शिलाईचं, जेमतेम ताटलीएवढं नवं स्टिअरिंग बसवलं. ते किंचित तिरकं बसलं. गाडी सरळ चालली की मधला बिल्ला डावीकडे कललेला दिसे. "काढून एक दाता सरकवून देतो," असं फिटर म्हणाला, पण साहेबांना घाई होती. मेहुण्याला फोटो पाठवायचा होता. फोटो काढताना त्यांनी मोबाइलच तिरका धरला, म्हणजे बिल्ला सरळ आला.

गाडी मात्र मालकापेक्षा प्रामाणिक निघाली. पहिल्याच चावीला तिने डॅशबोर्डवर लाल दिवा लावला: बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर फुगा. एअरबॅग जागेवर नाही, असं ती सांगत होती, आणि काही केल्या गप्प बसेना.

साहेबांना धोक्याची काळजी नव्हती. काळजी होती ती बायकोची, म्हणजे ती काय विचारेल याची. मंगळवारी आणि गुरुवारी गाडी ती नेत असे, त्या दिवशी साहेब कंपनीच्या बसने येत. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती दुपारच्या पाळीला होती. वाटेत उड्डाणपूल, मग हायवे. ती अंगाने लहानखुरी, त्यामुळे सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंग जवळजवळ छातीशी घेऊन चालवायची. लाल दिवा दिसल्यावर ती विचारल्याशिवाय राहणार नव्हती.

म्हणून सोमवारी, शपथ संपल्यावर पाच मिनिटांत, साहेब कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला पार्किंगमध्ये घेऊन गेले. त्याला सगळे वायरमनकाका म्हणत. चष्म्याची एक काडी काळ्या टेपने चिकटवलेली, आणि बोलणं मोजकं.

"काका, हा दिवा तेवढा घालवा."

काकांनी वाकून पाहिलं. "दिवा बरोबर आहे साहेब. एअरबॅग नाहीये."

"ते मला माहितीय. मी दिवा घालवा म्हणतोय."

"रेझिस्टर टाकला की गाडीला वाटेल, एअरबॅग जागेवर आहे. पण साहेब, ही गाडी वहिनीपण चालवतात ना?"

"काका, सांगितलंय तेवढं करा."

काकांनी केलं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, दोन टाके, वर टेप. दिवा विझला. नाही म्हणायला हवं होतं हे काकांना त्याच संध्याकाळी कळलं, पण साहेब म्हणजे साहेब, आणि काका नोकरदार माणूस. उरला जुन्या स्टिअरिंगचा खोका. तो घरी नेला तर बायकोच्या नजरेस पडणार, म्हणून साहेबांनी तो ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवला. कपाटावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: सुरक्षा साहित्य.

मंगळवारी रात्री बायको म्हणाली, "अहो, हे काय बसवून आणलंय? स्पीड किती ते दिसतच नाही. मान उंच करून बघावं लागतं."

"सवय होईल."

"आधीचं काय वाईट होतं?"

"फक्त ग्रिप बदललीय. बाकी सगळं तेच आहे," असं साहेब म्हणाले आणि आमटी वाढून घेतल्यासारखे सहज दुसऱ्या विषयावर गेले.

असे दोन महिने गेले.

मग एके दिवशी साहेबांना घबाड सापडलं. तीन नंबरच्या प्रेसवर एक बाई काम करत. त्यांना सगळे तीन नंबरच्या ताई म्हणत. लोखंडी पत्रा दाबून त्याचे भाग पाडणारी ही प्रेस. तिच्यापुढे जाळीचं दार असतं, त्याला गार्ड म्हणतात. दार लागल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, कारण दारावर मॅग्नेट असतो आणि चौकटीतला स्विच तो ओळखतो. ताईंनी दुसराच एक मॅग्नेट त्या स्विचवर टेपने चिकटवला होता. दार उघडं, प्रेस चालू!

साहेबांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं. मॅग्नेट पिशवीत घालून, पिशवीवर सही करून त्यांनी कपाटात ठेवला. ताईंना घरी बसवलं आणि अहवाल लिहिला, "अशा व्यक्तीस नोकरीतून कमी करावे, जेणेकरून इतरांना धडा मिळेल." ताईंच्या नवऱ्याची नोकरी मागच्याच वर्षी गेली होती. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. हे साहेबांना ठाऊक होतं, आणि त्याने अहवालाच्या भाषेत काडीचा फरक पडला नाही.

चौकशी गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठेवली. लांबट टेबल, एका टोकाला कारखान्याच्या मॅनेजर मॅडम, त्यांच्या उजव्या हाताला हेल्मेट घातलेले साहेब, समोर ताई. मशीनची माहिती द्यायला वायरमनकाका दाराशी खुर्ची घेऊन बसले होते.

"तुम्ही मॅग्नेट चिकटवलात?" मॅडमनी विचारलं.

"चिकटवला," ताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? गार्डचा बिजागर अडकतो मॅडम. दर वेळी दोन्ही हातांनी रेटावं लागतं, दिवसाला हजार वेळा. खांद्यातून जीव जातो. मी तीनदा लिहून दिलंय."

"दिलं होतं का?" मॅडम साहेबांकडे वळल्या.

साहेबांनी फाइल जरा आपल्याकडे ओढली. मॅडमनी ती परत ओढली. तीन अर्ज होते, आणि तिन्हींवर साहेबांच्या सुबक अक्षरात एकच शेरा. मॅडमनी तो मोठ्याने वाचला: "कामगाराने सवय करून घ्यावी."

"कारण काहीही असो, मॅडम!" साहेब उभे राहिले. आता त्यांचा सोमवारचा आवाज लागला. "प्रश्न बिजागराचा नाही, वृत्तीचा आहे! सुरक्षा साधन काढायचं आणि वर मशीनला फसवायचं, की सगळं ठीक आहे! हा निष्काळजीपणा नाही, ही लबाडी आहे! अशा माणसाला या आवारात जागा नाही. काका, ही घ्या किल्ली. माझ्या कपाटातून तो मॅग्नेट आणा. मॅडमना दिसू दे."

भाषणाच्या भरात माणूस किल्ली कुणाच्या हातात देतोय हेसुद्धा बघत नाही. काका उठले, गेले आणि दोन मिनिटांत परत आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यावर ती सही केलेली पिशवी. त्यांनी दोन्ही वस्तू जपून टेबलावर ठेवल्या.

"मॅग्नेट सांगितला होता, काका," साहेबांचा आवाज चिरकला. "खोका कशाला?"

"दोन्ही एकावर एक ठेवलेले होते साहेब. एकच आणलं असतं तर चौकशी अर्धी झाली असती."

"काय आहे त्यात?" मॅडमनी विचारलं.

काकांनी खोका उघडला. आत जुनं स्टिअरिंग उताणं पडलं होतं. "साहेबांच्या गाडीचं आहे. याच्या पोटात ड्रायव्हरची एअरबॅग आहे. ही काढून साहेबांनी शोभेचं स्टिअरिंग बसवलं. मग गाडीचा दिवा लागला. तो विझवायला मी एक रेझिस्टर टाकला. ताईंचा मॅग्नेट प्रेसला सांगत होता, गार्ड बंद आहे, आणि गार्ड उघडं होतं. माझा रेझिस्टर गाडीला सांगतोय, एअरबॅग जागेवर आहे, आणि एअरबॅग ही इथे टेबलावर आहे. मी माझ्या हाताने केलंय मॅडम. मेमो द्यायचा तर मलाही द्या."

साहेब लालबुंद झाले. "ती माझी खासगी गाडी आहे!" ते कसेबसे म्हणाले. "कारखान्याच्या बाहेर मी काय बसवतो, काय काढतो, हा माझा प्रश्न आहे. त्याचा इथे काय संबंध?"

वाचकहो, लाज झाकायला माणसाला 'खासगी' हा शब्द फार उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या बुटाची नाडी सार्वजनिक, आणि आपली एअरबॅग खासगी!

तेव्हा ताई बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"साहेब, मी चुकले. पण बोट गेलं असतं तर माझं गेलं असतं. आणि गार्ड उघडं आहे हे मला माहीत होतं, मी हात जपून घालत होते. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, हे तुमच्या घरी माहीत आहे का?"

साहेबांनी हात लांब करून खोक्याचं झाकण लावलं.

"आज गुरुवार आहे साहेब," वायरमनकाका हळूच म्हणाले.

गुरुवार! साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पंचवीस. म्हणजे ती निघाली. म्हणजे या क्षणी ती पुलावर, नाहीतर पूल उतरून हायवेवर, सीट पुढे ओढून, मान उंच करून स्पीड बघत चाललेली. समोरचा दिवा विझलेला. आणि तिच्या छातीपुढे जे असायला हवं, ते इथे पुठ्ठ्याच्या खोक्यात!

ते खुर्चीला अडखळत बाहेर पळाले. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियम त्यांनीच घरात घातलेला, गाडीत चिठ्ठीसुद्धा डकवलेली. त्यांचा नियम मनापासून पाळणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आत्ता फोन उचलत नव्हतं.

व्हरांड्यात साहेबांनीच लावलेलं पोस्टर होतं: घरी कुणीतरी तुमची वाट बघतंय. दोन वर्षं ते त्याच्यासमोरून जात-येत होते. आज त्याच्याखाली उभं राहून ते वाट बघत होते. सात वेळा फोन केला. हेल्मेटच्या आतून घाम गळ्यावर उतरला. येणारी-जाणारी माणसं बघत होती, आणि बघताहेत याचं आज साहेबांना बरं वाटत नव्हतं. बाराला तीन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"काय झालं हो? सात मिस्ड कॉल! कुणाला काही झालं का?"

"पोचलीस?"

"आत्ता पार्क केली. काय झालं सांगाल का?"

साहेबांनी सांगितलं. आधी आडवळणाने, मग सरळ.

"म्हणजे दोन महिने?"

"हो."

"आणि दिवा लागत होता, तो तुम्ही बंद करून घेतलात? मला दिसू नये म्हणून?"

"हो."

"माझ्या भावाचं डोकं रिकामं आहे, हे मला लहानपणापासून माहितीय," ती म्हणाली. "तुमचं भरलेलं आहे, असं समजून लग्न केलं होतं मी. संध्याकाळी बसने येईन. गाडी इथेच राहील."

फोन बंद झाला. साहेब आत आले तेव्हा हेल्मेट त्यांच्या हातात होतं. "मॅडम," ते म्हणाले, "ताईंना कमी करावं ही शिफारस मी मागे घेतो."

"उपकार केल्यासारखं बोलू नका," मॅडम म्हणाल्या. "ताई, तुमचं चुकलंच आहे, तुम्हाला लेखी ताकीद मिळेल आणि उद्यापासून तुम्ही कामावर. काका, तो बिजागर आज बदला. आणि साहेब, मेमोचं पुस्तक आणा. स्वतःच्या नावाने एक फाडा, मी सही करते. कारण तीन अर्जांवर तुम्ही जे लिहिलंत, ते मॅग्नेटपेक्षा वाईट आहे. ताईंनी एका मशीनला फसवलं. तुम्ही हा धोका आम्हा सगळ्यांपासून लपवला. सोमवारी शपथेच्या आधी हे सगळं तुमच्या तोंडून सगळ्यांना ऐकू द्या."

शनिवारी वर्कशॉपमध्ये जुनं स्टिअरिंग परत बसलं. साहेबांच्या बायकोने वायरमनकाकांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वर्कशॉपच्या माणसाचं काम संपल्यावर काकांनी तो तांदळाएवढा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. ती सीटवर बसली, सीट पुढे ओढली, चावी फिरवली. लाल दिवा लागला, चार-पाच सेकंद राहिला आणि विझला.

"आता हा विझला, तो खराच विझला ना?" तिने विचारलं.

"हो, हो," साहेब घाईने म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं," ती म्हणाली आणि काकांकडे बघत राहिली.

"खराच आहे वहिनी," काका म्हणाले. तेव्हा तिने गाडी सुरू केली. साहेब मागच्या सीटवर बसले, आणि पुढे बसा असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

सोमवारी आठ वाजता दोनशे माणसं शेडखाली उभी राहिली. पुढच्या रांगेत तीन नंबरच्या ताई होत्या. टेबलावर लाल शिलाईचं स्टिअरिंग ठेवलेलं होतं. साहेबांनी सगळं सांगितलं. मेहुणा, परात, ताटलीवर फिरणारा हात, तिरका धरलेला मोबाइल, काहीही गाळलं नाही. माणसं हसली, आणि हसायलाच हवं होतं. मग साहेब म्हणाले, "दिवा विझवला की धोका जात नाही. फक्त जो समोर बसलाय त्याला तो कळत नाही. आणि समोर नेहमी आपणच बसलेले असतो असं नाही, हे मला गुरुवारी कळलं. आजवर मी नियम तुमच्यासाठी लिहिले. माझ्यासाठी एकही लिहिला नव्हता."

मग त्यांनी हात पुढे धरला आणि पहिल्यांदाच शपथ म्हणवून न घेता स्वतः म्हणायला सुरुवात केली. "मी कोणतंही सुरक्षा साधन काढणार नाही, बंद करणार नाही," इथपर्यंत ठीक होतं. "त्याला चकवणार नाही" म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला आणि शेवटचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचलेच नाहीत.

मग पुढच्या रांगेतून ताईंचा स्वच्छ आवाज आला.

"आवाज पडला, साहेब! पुन्हा पहिल्यापासून!"

साहेबांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

वाचकहो, तुम्हाला हसू आलं असेल तर हसून घ्या. पण घरातला, गाडीतला, कचेरीतला कोणता लाल दिवा आपण टेप लावून विझवलाय, आणि त्याच्यासमोर आपण कुणाला बसवलंय, ते आजच बघा. जो नियम आपण दुसऱ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतो, तो आधी स्वतः म्हणून पाहावा, आणि आवाज पडला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावा.